बटई, मक्ता आणि भांडवल बाजार

दुसऱ्याकडून जमीन कसवून घेण्याच्या दोन रीती बुलढाणा जिल्ह्यात, आणि म्हणून लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या शिवारातही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बटईत मालक आणि कसणारा पीक वाटून घेतात, त्यामुळे पावसाने दगा दिला की दोघांचीही पोती कमी भरतात. मक्त्यात, ज्याला काही गावी ठोका म्हणतात, रक्कम पेरणीआधीच ठरते आणि सोयाबीन घरात आले काय, शेतात सडले काय, ती मालकाला द्यावीच लागते. मुंबई-पुण्यातील कार्यालयीन इमारती, मॉल, गोदामे आणि नव्या वसाहती ज्या पैशावर उभ्या राहतात त्याला प्रायव्हेट इक्विटी, मेझनाइन कर्ज, रीट, इन्व्हिट अशी बोजड नावे असली, तरी त्या नावांची साल काढली की आत हेच दोन व्यवहार सापडतात. भागभांडवल म्हणजे बटई, कर्ज म्हणजे मक्ता, आणि उरलेले सारे प्रकार म्हणजे या दोहोंचे कमीअधिक प्रमाणातले मिश्रण, असे म्हणण्याने शास्त्राचे फारसे नुकसान होत नाही.

बिल्डरला परक्या पैशाची गरज का पडते, हे त्याच्या धंद्याच्या कालक्रमात दडलेले आहे. जमीन घेणे, तिचे बिगरशेतीकरण आणि इतर परवानग्या, पायाभरणी, बांधकाम आणि शेवटी विक्री किंवा भाडे या वाटचालीत अनेक वर्षे जातात; पैसा पहिल्या दिवसापासून लागतो आणि परत येऊ लागतो तो फार उशिरा. घर घेणाऱ्याला बँक आनंदाने कर्ज देते, बांधकामासाठीही देते, परंतु खाजगी बिल्डरला केवळ जमीन विकत घेण्यासाठी कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी व्यापारी बँकांना प्रतिबंध आहे. जमिनीच्या किमतीत सट्टा शिरू नये आणि ठेवीदारांचा पैसा त्यात अडकू नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम मात्र असा होतो की प्रकल्पाचा सर्वांत धोक्याचा, म्हणजे पहिला टप्पा बँकेच्या दाराबाहेर राहतो आणि तेथे बटईदाराची जागा रिकामी राहते. ती जागा प्रायव्हेट इक्विटी भरते.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या उद्योगात किंवा प्रकल्पात भागीदार म्हणून घातलेले भांडवल. हे भांडवल एखाद्या धनिकाच्या तिजोरीतून थेट येत नाही. पेन्शन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी आणि श्रीमंत कुटुंबे आपला पैसा एका फंडात एकत्र करतात आणि व्यवस्थापक तो गुंतवतो. भारतात अशा फंडांना सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार पर्यायी गुंतवणूक निधी म्हणून नोंदणी करावी लागते, आणि त्यात सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, म्हणजे हे दार सामान्य बचतदारासाठी नाही हे कायद्यानेच ठरवलेले आहे. व्यवस्थापकाचा मोबदला बहुधा दुहेरी असतो: सांभाळलेल्या रकमेवर दरवर्षी २ टक्क्यांच्या आसपास शुल्क, आणि गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा, साधारणतः ८ टक्के किंवा त्याहून अधिक, मिळाल्यानंतर उरलेल्या नफ्यातील सुमारे पाचवा हिस्सा. शेतीच्या भाषेत हा दिवाणजी पगारही घेतो आणि पीक चांगले आले तर खळ्यावरचा वाटाही.

या फंडांविषयी सर्वाधिक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट मात्र शुल्क नव्हे, मुदत आहे. फंडाचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे असते, तेवढ्या काळात मालमत्ता घ्यायची, वाढवायची आणि विकून पैसे परत करायचे असतात. म्हणून कोणत्याही प्रकल्पात शिरतानाच बाहेर कसे पडायचे याचा हिशेब मांडलेला असतो. गावाकडचा माणूस जमीन नातवासाठी घेतो, फंड ती पुढच्या खरेदीदारासाठी घेतो.

परकीय फंडांना हे क्षेत्र खऱ्या अर्थाने खुले झाले ते मार्च २००५ मध्ये, जेव्हा केंद्र सरकारने वसाहती व बांधकाम-विकासात १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीला मुभा दिली. त्यानंतरच्या तीन वर्षांत पैशाचा पूर आला, २००७ च्या जूनमध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीने शेअर विक्रीतून ९,१८७ कोटी रुपये उभे केले, त्याच वर्षाअखेरीस पुण्याची कोलते-पाटील ही कंपनीही बाजारात उतरली, आणि २००८ च्या जागतिक अरिष्टाने तो पूर ओसरला. शुद्ध बटईने हात पोळल्यावर फंडांनी मधला मार्ग शोधला: बिल्डरकडून अपरिवर्तनीय कर्जरोखे घ्यायचे, त्यावर बँकेपेक्षा बरेच चढे व्याज लावायचे, जमीन तारण ठेवायची आणि शिवाय नफ्यात थोडा वाटा लिहून घ्यायचा. मुख्य कर्जाच्या खाली आणि मालकाच्या भांडवलाच्या वर बसणाऱ्या या थराला मेझनाइन, म्हणजे पोटमाळ्याचे कर्ज म्हणतात. किमान मक्ताही हवा आणि पीक उत्तम आले तर बटईही हवी, असा हा करार असतो. वित्तकंपन्यांनीही याच वाटेने पैसा ओतला आणि नव्या कर्जाने जुने कर्ज फेडण्याची सवय सर्वत्र रुजली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस हा पायाभूत क्षेत्रातला वित्तसमूह देणी चुकवू लागला तेव्हा ती साखळी तुटली आणि अनेक शहरांत अर्धवट मजल्यांचे सांगाडे उभे राहिले. असे अडकलेले गृहप्रकल्प पुरे करण्यासाठी केंद्राला नोव्हेंबर २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांच्या ‘स्वामिह’ या विशेष निधीची घोषणा करावी लागली. तत्पूर्वी १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, कार्यरत झाले होते आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले होते. त्यापूर्वी एका इमारतीच्या हप्त्यांतून दुसऱ्या इमारतीची जमीन घेणे हा धंद्यातला सर्रास शिरस्ता होता, म्हणजे घर घेणारा मध्यमवर्गीय हाच, स्वतःला न कळत आणि एक पैसा व्याज न घेता, बिल्डरचा सर्वांत मोठा सावकार होता.

कर्ज आणि भागभांडवल यांचे मिश्रण काय किमया करते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका इमारतीचे खर्च वजा जाता वर्षाचे निव्वळ भाडे ८ कोटी रुपये आहे असे समजू. बाजार अशा मालमत्तेवर ८ टक्के उत्पन्नाची अपेक्षा करत असेल, तर तिची किंमत १०० कोटी ठरते. तीच अपेक्षा १० टक्क्यांवर गेली, तर एक वीट न हलता किंमत ८० कोटींवर येते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचे व्याजदर वाढले की इमारतींच्या मूल्यांकनाला घाम फुटतो. आता ही इमारत ५० कोटींचे स्वतःचे भांडवल आणि ५० कोटींचे ९ टक्के दराचे कर्ज घेऊन विकत घेतली असेल, तर साडेचार कोटी व्याजात जातात आणि मालकाच्या ५० कोटींवर साडेतीन कोटी, म्हणजे ७ टक्के उरतात. कर्ज नसते तर ८ टक्के मिळाले असते. भारतात कर्जाचा दर बहुधा भाड्याच्या दरापेक्षा चढा असल्याने कर्ज काढून नुसते भाडे खाण्यात तोटाच असतो. तरीही कर्ज काढले जाते, कारण इमारतीची किंमत १२० कोटी झाली तर बँकेचे ५० कोटी फेडून ७० कोटी हाती राहतात आणि २० टक्क्यांची वाढ भांडवलावर ४० टक्क्यांची होते. किंमत ८० कोटींवर घसरली तर हाती ३० कोटीच राहतात, आणि हीच पट उलटी बसते. मक्ता ठरलेला असला की पिकाची सगळी चढउतार कसणाऱ्याच्या अंगावर येते, तसेच हे.

ज्या व्यवहारात बांधून पूर्ण झालेली, भाडेकरू बसलेली इमारत हवी असते, तो व्यवहार रीटचा. रीट, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, भाड्याच्या अनेक इमारती एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात देतो, त्यांच्या मालकीचे लहान लहान युनिटांत तुकडे पाडतो आणि ती युनिटे शेअर बाजारात विकतो. सेबीने सप्टेंबर २०१४ मध्ये याचे नियम केले. त्यांनुसार न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असला पाहिजे, वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटली पाहिजे आणि निव्वळ कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. देशातला पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, १ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आला. त्याने ३०० रुपयांच्या युनिटने ४,७५० कोटी रुपये उभे केले आणि त्याच्या प्रायोजकांत अमेरिकेतील ब्लॅकस्टोन हा खाजगी भांडवलाचा अवाढव्य समूह होता. पुढे माइंडस्पेस २०२० मध्ये, ब्रुकफिल्ड २०२१ मध्ये, मॉलची मालकी असलेला नेक्सस २०२३ मध्ये आणि नॉलेज रिअल्टी २०२५ मध्ये आला. ऐरोली, खराडी, येरवडा, औंध, सीवूड्स या मराठी वाचकाच्या ओळखीच्या पत्त्यांवरचे भाडे आज या न्यासांतून वाटले जाते. सुरुवातीला किमान दोन लाख रुपये घालावे लागत. २०२१ नंतर बाजारातून एक युनिटही घेता येते.

येथे प्रायव्हेट इक्विटी आणि भांडवल बाजार एकमेकांना भेटतात. फंडाने सात-आठ वर्षे जपलेली इमारत रीटमध्ये घातली की त्याची मुदत संपण्याचा प्रश्न सुटतो. धोक्याचा काळ फंडाने सोसला, त्याचा नफा त्याने घेतला, आणि मागे राहिलेले संथ भाडे लहान गुंतवणूकदारांच्या वाट्याला आले. त्यात गैर काही नाही, परंतु युनिट घेणाऱ्याने हे ओळखलेले बरे की त्याला मिळते ती बहुतांशी मक्त्याची कमाई असते, बटईची मोठी पिके आधीच कापून नेलेली असतात. या न्यासांत राहती घरे जवळजवळ नाहीत याचेही कारण गणितातच आहे: कार्यालयांवर ७ ते ९ टक्के भाडे सुटते, घरांवर २ ते ४ टक्के.

एम्बसी रीटच्या मालकीची एक इमारत, नरिमन पॉइंटवरील एक्स्प्रेस टॉवर्स, समुद्र हटवून केलेल्या भूमीवर, म्हणजे बॅकबेच्या भरावावर उभी आहे, आणि त्या उपसागराला भांडवल बाजाराचा स्पर्श काही २०१९ मध्ये प्रथम झालेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचे मोल आले. खामगाव ही याच बुलढाणा जिल्ह्यातली पेठ कापसाच्या व्यापाराने मोठी झाली, ती इतकी की १८७० मध्ये तिच्यासाठी जलंबपासून स्वतंत्र रेल्वेफाटा टाकला गेला. त्या तेजीचा पैसा मुंबईत साचला आणि १८६४ मध्ये बॅकबे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या शेअरांवर तुटून पडला. ५,००० रुपये भरलेल्या शेअरला ५०,००० रुपयांचा वाढावा मिळू लागला. कापसाचे व्यापारी आणि शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या उन्मादाशी कायमचे जोडले गेले. ज्या जमिनीच्या भरवशावर हे भाव चढत होते ती जमीन तेव्हा पाण्याखाली होती. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली आणि व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. ८० टक्के मालमत्ता पूर्ण आणि भाडे देणारी हवी, या सेबीच्या कोरड्या नियमामागे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याखालच्या जमिनीचे स्मरण असो वा नसो, उत्तर त्याच प्रश्नाचे आहे.

भांडवल कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या नावाने येते यावर प्रकल्पाचे भवितव्य किती अवलंबून असते, हे पुणे जिल्ह्यातील दोन वसाहतींवरून दिसते. हडपसरच्या मगरपट्ट्यात उसाच्या शेतांवर शहर चालून येत होते, तेव्हा सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० हून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे शेअर वाटून घेतले. जमीन विकत घ्यायचीच नसल्याने सर्वांत महागडा पैसा, म्हणजे जमिनीसाठीचा पैसा, उभारावा लागला नाही. घरे विकून बांधकाम चालले आणि आयटी कार्यालयांचे भाडे मागे राहिले. शेतकरी येथे जमिनीचे मालक राहिले नाहीत, पण बटईचे मालक राहिले. लवासाची कथा उलट दिशेने गेली. मोसे खोऱ्यातले ते डोंगरी शहर हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने प्रचंड कर्जावर उभारायला घेतले, २०१० मध्ये लवासाने शेअर विक्रीसाठी सेबीकडे मसुदा दाखल केला, त्याच नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि ती विक्री कधीच झाली नाही. व्याज मात्र थांबत नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लवासाविषयी पर्यावरणाच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते, परंतु वित्ताच्या बाजूने पाहता तेथे मुख्य चूक अशी की ज्या कामाला वीस-पंचवीस वर्षांची बटई हवी होती ते मक्त्याच्या पैशावर सुरू केले गेले.

सुलतानपूरच्या परिसरात भांडवल बाजाराचा हा विषय आला तो समृद्धी महामार्गाच्या रूपाने. ७०१ किलोमीटरचा, सुमारे ५५,००० कोटी रुपये खर्चाचा हा रस्ता बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पैसा कसा उभा राहिला हे पाहिले तर वरचीच रचना दिसते: राज्य रस्ते विकास महामंडळाने यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापली, म्हाडा, सिडको, एमएमआरडीए यांसारख्या सरकारी संस्थांनी तिच्यात भागभांडवल घातले आणि उरलेला मोठा भाग बँकांनी भविष्यातील टोलच्या भरवशावर कर्जाऊ दिला. रस्ता ही तशी इमारत नव्हे, पण टोल हे भाडेच आहे, आणि भाडे म्हटले की ते आगाऊ विकता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली याच महामंडळाने २००४ मध्ये पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपयांना दिली होती आणि २०२० मध्ये दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींना. दोन्ही वेळी ती आयआरबी समूहाकडेच गेली. याच समूहाच्या इन्व्हिटची, म्हणजे रस्त्यांसारख्या पायाभूत मालमत्तेच्या न्यासाची, मे २०१७ मध्ये १०२ रुपये दराने विक्री झाली. देशात बाजारात नोंदलेला तो पहिला इन्व्हिट. त्याच्या मूळ सहा रस्त्यांत विदर्भातला तळेगाव-अमरावती रस्ता होता, म्हणजे त्या नाक्यावर भरलेल्या टोलचा काही अंश देशभरच्या युनिटधारकांकडे वाटपाच्या रूपाने जात राहिला. त्या युनिटांचा भाव पुढे दीर्घकाळ विक्रीदराखाली राहिला, हेही सांगायला हवे. टोलचा हक्क मुदतीचा असतो आणि मुदत सरत जाते तशी मालमत्ताच झिजते, त्यामुळे वाटपाचा काही भाग प्रत्यक्षात गुंतवलेले भांडवलच परत येत असते.

समृद्धीसाठी जमीन देणाऱ्यांपुढे शासनाने दोन पर्याय ठेवले होते. भूसंचय योजनेत जमिनीच्या बदल्यात नव्या कृषी समृद्धी नगरात कोरडवाहूसाठी २५ आणि बागायतीसाठी ३० टक्के विकसित भूखंड आणि दहा वर्षे वार्षिक मोबदला, अशी तजवीज होती. थेट खरेदीत रेडीरेकनर दराच्या पाचपटीपर्यंत रोख रक्कम होती. पहिला पर्याय म्हणजे मगरपट्ट्याच्या जातीची बटई, दुसरा म्हणजे एकरकमी सौदा. शेतकऱ्यांनी बहुसंख्येने रोख पसंत केली. त्यांना अदूरदर्शी म्हणण्याची घाई करू नये, कारण सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळसारख्या नियोजित नगरातला भूखंड तेव्हा कागदावर होता, त्याला भाडेकरू नव्हता, तो विकण्याची बाजारपेठ नव्हती, आणि मगरपट्ट्याला जे पुणे शेजारी लाभले होते तसे काही येथे नव्हते.

त्या रोखीतील आणि नोकरदारांच्या बचतीतील पैशाचा एक ओघ तालुक्याच्या गावांभोवती पाडलेल्या ले-आउटमधील प्लॉटांकडे वळतो. त्या सौद्यांत इसार असतो, साठेखत असते, खरेदीखत असते, फक्त भाडे नसते. प्लॉटवर वर्षाकाठी एक रुपयाही उगवत नाही, आणि त्याचा परतावा केवळ पुढचा खरेदीदार किती देईल यावर ठरतो. मोठा संस्थात्मक पैसा या बाजाराकडे फिरकत नाही याला कायद्याचीही कारणे आहेत. विदर्भ विभागाच्या १९५८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि परकीय गुंतवणुकीला शेतजमीन व जमिनीची नुसती खरेदी-विक्री हे दोन्ही प्रांत बंदच आहेत. पण कायद्याने दार उघडले तरी फंड तेथे यायचा नाही, कारण त्याला जमीन नकोच असते, त्याला लिहून दिलेले भाडे हवे असते. चाकणच्या गोदामांकडे ते होते, म्हणून २०१७ मध्ये कॅनडाच्या पेन्शन निधीने इंडोस्पेस या कंपनीशी भागीदारी करून सुमारे ५० कोटी डॉलर अशा औद्योगिक गोदामांसाठी राखून ठेवले, आणि टोरांटोच्या निवृत्त शिक्षिकेचे पेन्शन काही अंशी महाराष्ट्रातल्या गोदामभाड्यावर अवलंबून राहू लागले. मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या इंटरचेंजपाशी सोयाबीन, तूर आणि कापसाच्या गाठी ठेवणारे, दहा-पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार असलेले गोदाम उभे राहिले, तर सेबीच्या २०२४ च्या लघु व मध्यम रीटच्या नियमांत ५० कोटी रुपयांपासूनच्या मालमत्तेलाही जागा आहे. तेवढ्या किमतीला ८ टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला ४ कोटी रुपये निव्वळ भाडे लागते, आणि ते देऊ शकेल इतका माल त्या दारातून आत-बाहेर व्हावा लागतो.